ट्युलिपवुड हिस्पानो घरच्या टेबलावर: लाकडी गाडीचं १:१२ मॉडेल पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

माझं पहिलं मॉडेल केळ्यासारखं वाकलं. दुसरं ऐन पावसाळ्यात फुगलं आणि त्याच्या पट्ट्या एकेक करत सुटल्या. तिसरं जमलं. आधीच्या दोन्ही वेळी नेमकं काय चुकतंय हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. तुम्हाला सुतारकाम येत नसलं तरी चालेल, मलाही येत नव्हतं. मात्र कंटाळा न करता एकच काम दोनशे वेळा करता यायला हवं.

गाडी आहे हिस्पानो-सुइझा कंपनीची एच६सी, १९२४ सालची. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत ती नुसती 'ट्युलिपवुड' म्हणून ओळखली जाते.

१. आधी गाडी समजून घ्या

ही पायरी गाळू नका. माझं पहिलं मॉडेल बिघडलं त्याचं मूळ इथेच होतं. लाकडाचा ठोकळा गाडीच्या आकारात तासायचा आणि वरून विनिअर (लाकडाचं पातळ पान) चिकटवायचं, असा माझा बेत होता. मूळ गाडी तशी बनलेलीच नाही.

आंद्रे दुबोने हा फ्रान्समधल्या दुबोने मद्याच्या घराण्याचा वारस. पहिल्या महायुद्धात तो लढाऊ वैमानिक होता. त्याला अशी गाडी हवी होती, जी सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या डोंगरी शर्यतीत पळवता येईल आणि शर्यत झाली की रस्त्यावरही मिरवता येईल. हिस्पानो-सुइझाच्या पॅरिसजवळच्या ब्वा-कोलोंब कारखान्यातून त्याने चासी, म्हणजे बॉडीशिवायची गाडी, घेतली. तिचं इंजिन सहा सिलिंडरचं, ७,९८३ सीसीचं. बॉडीसाठी मात्र तो नेहमीच्या बॉडी बांधणाऱ्यांकडे गेला नाही. तो गेला विमानं बनवणाऱ्या न्यूपोर कंपनीकडे. त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं: आत फासळ्यांचा सांगाडा, त्यावर लांबलचक, निमुळत्या लाकडी पट्ट्या आणि त्या पट्ट्या फासळ्यांना पक्क्या करणारे हजारो बारीक पितळी रिव्हेट. विमानाच्या धडाला चाकं लावल्यासारखा हा प्रकार आहे. बॉडीचं वजन जेमतेम १६० पौंड, म्हणजे ७३ किलोच्या आसपास भरलं असं सांगतात.

एप्रिल १९२४ मध्ये दुबोनेने ती सिसिलीच्या घाटात पळवली. टार्गा फ्लोरिओत तो सहावा आला, आणि त्याच दिवशी आणखी एक फेरी जास्त असलेल्या कोपा फ्लोरिओत पाचवा. दोन्ही शर्यती मर्सिडीजच्या क्रिस्टियान वेर्नरने जिंकल्या.

लाकूड बॉडीवर चढवलेलं नाही, लाकूड हीच बॉडी आहे. हे डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. सांगाडा सरळ असेल तर पट्ट्या सरळ बसतील. सांगाडा अर्धा मिलिमीटर जरी पिळला, तरी वरचं पॉलिश तो पीळ जगाला ओरडून सांगेल.

नावाचा घोटाळाही आत्ताच निस्तरतो. नाव ट्युलिपवुड असलं तरी बॉडीचं लाकूड महोगनी आहे असं आता मानलं जातं. त्यामुळे ट्युलिपवुडच्या शोधात दुकानं पालथी घालू नका. मी तीन शनिवार घातले.

२. फोटो जमवा, पण एकच काळ निवडा

शंभर वर्षांच्या आयुष्यात गाडीचे मालक बदलले, दुरुस्त्या झाल्या. १९२४ च्या शर्यतीतली गाडी आणि आज प्रदर्शनात झळकणारी गाडी बारकाव्यांत एकसारखी नाही. मडगार्ड, दिवे असल्या गोष्टी नीट पारखून घ्या. शर्यतीतली गाडी करायची की आजची, ते एकदाच ठरवा आणि त्याच काळाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. दोन्हीतलं थोडं थोडं उचललंत तर जाणकार माणूस पहिल्या मिनिटात पकडेल.

आजच्या गाडीचे चांगले फोटो मिळणं अवघड नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे आरएम सदबीजच्या लिलावात ती ९२ लाख ४५ हजार डॉलरला विकली गेली. त्या निमित्ताने तिचे सगळ्या बाजूंनी फोटो निघाले.

हे फोटो हवेतच:

- बरोबर बाजूने, लांबून काढलेला एक (सगळी मापं यावरूनच निघतात)
- वरून किंवा निदान उंचावरून काढलेला एक, ज्यात शेपूट किती आणि कुठून निमुळतं होतं ते दिसेल
- मागून एक, समोरून एक
- रिव्हेटच्या ओळी दिसतील असे जवळून काढलेले तीन-चार
- डॅशबोर्ड आणि सीट दाखवणारा एक

दोन सापळे आहेत. मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं दिसतं, अशा फोटोवरून मापं घेऊ नका. आणि काही फोटो आरशातल्यासारखे उलटे करून फिरत असतात. या गाडीचं स्टिअरिंग आपल्या गाड्यांसारखं उजवीकडे आहे. फोटोत ते गाडीच्या डाव्या बाजूला दिसलं तर फोटो उलटा आहे.

३. सामान

पुण्यात असाल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत यातलं बरंचसं मिळून जातं. बाकी शहरांतही हार्डवेअरची एखादी गल्ली असतेच.

- महोगनीचं कच्चं विनिअर, अर्धा मिलिमीटर जाड
- फासळ्यांसाठी ३ मिमी प्लायवुड (चांगल्या प्रतीचं, आत पोकळ्या नसलेलं)
- कण्यासाठी (सगळ्या फासळ्या धरणारा मधला लांब तुकडा) ६ मिमी प्लाय
- फेविकॉल आणि इन्स्टंट ग्लू
- अर्धा मिमी पितळी तार, साधारण पाच मीटर
- ०.५ मिमीची ड्रिल बिट निदान दहा, आणि ती धरायला हाताने फिरवायचं पिन व्हाइस
- सोनारी कानशींचा संच
- धारदार कटर आणि त्याची भरपूर पाती
- स्टीलची पट्टी (प्लास्टिकची नको, कटर ती खातं)
- कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, दोन डझन
- २२०, ४००, ६०० नंबरचे पॉलिश पेपर
- चपडा लाख आणि स्पिरिट
- घरची जुनी इस्त्री, घरच्यांच्या परवानगीने

विनिअर मागितलं की दुकानदार प्लायवर चिकटवलेली आठ बाय चारची शीट दाखवतो. ती आपल्या कामाची नाही. 'कच्चं, बिनप्लायचं, सुटं पान' असं सांगा. नमुन्याचे तुकडे मिळाले तरी एका मॉडेलला पुरतात, फक्त ते मॉडेलच्या बॉडीपेक्षा थोडे लांब हवेत. दिसायला सुंदर, मोठ्या रेषांचं पान घेऊ नका. बारावा हिस्सा केलेल्या गाडीवर मोठ्या रेषा राक्षसी दिसतात. बारीक, सरळ, जवळजवळ कंटाळवाण्या रेषांचं पान उत्तम. सागाचा मोहही टाळा, त्याची छिद्रं फार मोठी असतात.

४. आराखडा

बाजूच्या फोटोचा प्रिंट काढा. मी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधलं अंतर २८ सेंमी धरलं, म्हणजे मॉडेल साधारण १:१२ च्या मापात येतं. प्रिंटवर तेच अंतर किती भरतं ते मोजा, २८ ला त्या मापाने भागा, आणि मग फोटोतलं प्रत्येक माप आलेल्या आकड्याने गुणा. एवढंच गणित.

बाजूच्या चित्रावर ११ उभ्या रेषा मारा. या तुमच्या फासळ्यांच्या जागा. मध्यभागी त्या दूर चालतील, शेपटाकडे मात्र जवळजवळ घ्या, कारण आकार तिथेच भराभर बदलतो. प्रत्येक रेषेपाशी गाडीची उंची बाजूच्या फोटोवरून मिळते, रुंदी वरच्या फोटोवरून. गोलाई मात्र डोळ्यांनीच ठरवावी लागते. अर्धीच फासळी काढा, कागद दुमडून कापा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतील.

५. कणा आणि फासळ्या

६ मिमी प्लायचा कणा कापा, त्यात फासळ्यांसाठी खाचा करा, फासळ्या बसवा. गोंद लावण्याआधी सगळं कोरडंच जुळवून बघा. कणा सपाट काचेवर ठेवा आणि समोरून एक डोळा मिटून पाहा. सगळ्या फासळ्यांचे माथे एका रेषेत दिसले पाहिजेत.

गोंद वाळला की लांब लाकडी पट्टीला २२० चा पेपर चिकटवून फासळ्यांच्या कडा तिरक्या घासा. शेपटाकडच्या फासळीवर पट्टी सपाट टेकत नाही, फक्त एका कडेवर टेकते. कड तिरकी केली की पूर्ण टेकते. नवखे हे विसरतात आणि मग शेपटाजवळ पायऱ्या पायऱ्या दिसतात. तपासायची युक्ती सोपी आहे: विनिअरची एक पट्टी हाताने फासळ्यांवर लांबीला धरा. कुठेही ती हवेत राहिली किंवा कुठे टेंगूळ आलं, तर अजून घासायचं बाकी आहे. यात दोन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या.

शेपटाच्या टोकाला फासळ्या बारीक होऊन संपतात, पट्ट्यांना धरायला काही उरत नाही. तिथे मऊ लाकडाचा छोटा ठोकळा आकार देऊन भरा.

६. पट्ट्यांचं गणित

सगळं मॉडेल याच पायरीवर उभं असतं किंवा पडतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापल्या तर मध्यभागी छान बसतील आणि शेपटाकडे एकमेकींवर चढतील, कारण तिथे बॉडीचा घेर कमी आहे. म्हणून प्रत्येक पट्टी निमुळती हवी. किती? ते असं काढा.

कागदाची बारीक पट्टी घ्या. मधल्या फासळीवर खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत ती गुंडाळा आणि लांबी मोजा. माझ्याकडे ती ९६ मिमी आली. पट्टी मध्यभागी ४ मिमी रुंद ठेवायची तर एका बाजूला २४ पट्ट्या लागल्या. आता तेच माप शेवटच्या फासळीवर घ्या. माझ्याकडे ५४ मिमी. भागिले २४, म्हणजे तिथे प्रत्येक पट्टी २.२५ मिमी रुंद. असं एक आड एक फासळीवर करा, म्हणजे पट्टीचा पूर्ण आकार कळतो.

कुठल्याही फासळीवर रुंदी मधल्या रुंदीच्या निम्म्याखाली जात असेल, तर पट्ट्या त्या मापाला आणू नका. इतकी बारीक पट्टी कटरखाली फाटते आणि चिकटवताना पिळते. त्यापेक्षा एखादी पट्टी वाटेतच संपवा आणि शेजारच्या दोन जवळ आणा. नावा बांधणारेही असंच करतात. १९१२ च्या सुमारास पॅरिसच्या लाबूर्देतने पनार गाडीवर 'स्किफ' बॉडी बांधली, तीही नावेच्याच रीतीने.

कापताना रेषा पट्टीच्या लांबीला धावल्या पाहिजेत. कटर एका दमात दाबू नका. तीन हलके हात फिरवा. पहिला फक्त वाट पाडतो. आणि दर आठ-दहा पट्ट्यांनंतर पातं बदला. पाती वाचवण्याच्या नादात मी अर्धं पान वाया घालवलं. पाती स्वस्त असतात, पान नाही.

७. पट्ट्या चढवणं

आता माझ्या केळ्याची गोष्ट. पहिल्या वेळी मी उत्साहात डावी बाजू पूर्ण भरली आणि झोपलो. फेविकॉल वाळताना विनिअर आकसतं. सकाळी सांगाडा डावीकडे वाकलेला होता, आणि तो परत कधीच सरळ झाला नाही. म्हणून नियम: डावीकडे एक, लगेच उजवीकडे एक. जेवायची वेळ झाली तरी जोडी पूर्ण केल्याशिवाय उठू नका.

क्रम असा ठेवा. पहिली पट्टी बाजूच्या मध्याच्या जरा वर, जिथे ती सर्वांत सरळ धावते. तिथून एक जोडी वर, एक जोडी खाली. खालून सुरुवात केली तर बारीकसारीक चुका वर सरकत जातात आणि कॉकपिटच्या कडेला, नेमक्या नजरेच्या जागी, उघड्या पडतात. चुका गाडीच्या पोटाकडे सरकू द्या, तिथे कोण वाकून बघणार आहे!

चिकटवण्याची मला सर्वांत भावलेली पद्धत इस्त्रीची. फासळीवर आणि पट्टीच्या मागच्या बाजूला फेविकॉलचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग पट्टी जागेवर धरून मध्यम गरम इस्त्रीचं टोक फासळीवर काही सेकंद दाबा. वाळलेला फेविकॉल उष्णतेने मऊ होतो आणि पकडतो. ओला गोंद नाही, त्यामुळे पट्टी फुगत नाही आणि चिमट्यांची लढाईही कमी होते. शेपटाच्या टोकाला, जिथे वळण जास्त आहे, तिथे पट्टी आधी गरम पाण्यात पाच मिनिटं भिजवा, बाटलीभोवती रबर बँडने बांधून पूर्ण वाळवा, आणि मगच चिकटवा.

पावसाळ्याबद्दल. जुलै-ऑगस्टमध्ये पट्ट्या चढवू नका. लाकूड हवेतला ओलावा पिऊन रुंदीला फुगलेलं असतं, दिवाळीनंतर आकसतं, आणि प्रत्येक जोडात फट पडते. उलटंही होतं: मे महिन्यात घट्ट बसवलेल्या पट्ट्या पावसात एकमेकींना ढकलून सुटतात. माझं दुसरं मॉडेल असंच गेलं. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. विनिअरचं पान आधी आठवडाभर, ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत उघडं पडू द्या.

पट्ट्या संपल्या की २२० ने लांबीच्या दिशेने हलकं घासा. विनिअर अर्धा मिलिमीटरच आहे, दहा मिनिटांच्या जोरात खालची फासळी बाहेर येते.

८. रिव्हेट

लोक या पायरीला घाबरून पितळी रंगाच्या पेनने ठिपके देतात. देऊ नका. लांबूनही कळतं.

११ फासळ्या, प्रत्येक बाजूला २४ पट्ट्या, प्रत्येक छेदावर २ रिव्हेट: १,०५६. ऐकायला भयंकर, पण रोज पन्नास केले तर तीन आठवड्यांचं काम. क्रिकेटचा सामना लावून करता येतं.

भोकं पाडण्याच्या आधी बॉडीला पातळ चपड्याचे दोन हात द्या. हे चुकवू नका. कच्च्या लाकडावर इन्स्टंट ग्लू सांडला की काळा डाग पडतो आणि तो घासून जात नाही. पितळ घासताना उडणारी भुकटीही उघड्या छिद्रांत बसून लाकूड मळकट करते. लाखेचा थर दोन्ही अडवतो.

कागदाच्या चिकटपट्टीवर समान अंतराच्या खुणा करून ती फासळीच्या रेषेवर लावा. आधी पिनेच्या टोकाने खड्डा करा, मग पिन व्हाइस. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली कार्बाइडची बिट धारदार असतात पण हात जरा तिरका झाला की तुटतात, आणि तुटलेला तुकडा भोकातच राहतो. साध्या स्टीलची बिट संथ पण सोशिक. तारेचं टोक ग्लूमध्ये टेकवा, भोकात घाला, मिलिमीटरभर बाहेर ठेवून कापा. एक ओळ झाली की सोनारी कानशीने बेताने खाली आणा आणि शेवटी ४००, ६०० चे पेपर.

९. पॉलिश

आपल्याकडचे जुने सुतार ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात, तेच इथे शोभतं. चपडा स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवा, मलमलच्या कपड्यातून गाळा, कापसाची पुरचुंडी करून गोल गोल हात द्या. सात-आठ पातळ थर. दमट दिवशी लावलं तर पांढुरकी झाक येते. आली तर घाबरू नका, कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवला की बहुतेक वेळा जाते.

१०. चाकं, पुढचा भाग, करकोचा

तारांची चाकं घरी करणं हा वेगळाच छंद आहे. पहिल्या मॉडेलला तयार चाकं घ्या, फक्त व्यास आराखड्याशी जुळतो का ते मोजून. मोटरसायकलच्या १:१२ मॉडेलची चाकं बसतील असं वाटतं, पण ती लहान आणि अरुंद निघतात.

रेडिएटरवरचा उडता करकोचा मात्र हाताने करा. ते शिल्प फ्रांस्वा बाझँ यांचं. युद्धात गिनमेर या गाजलेल्या वैमानिकाच्या तुकडीचं चिन्ह करकोचा होतं. त्या विमानांत हिस्पानो-सुइझाची इंजिनं होती, आणि दुबोने स्वतः त्याच तुकडीत उडत होता. इंदूरच्या यशवंतराव होळकरांच्या ताफ्यातही हिस्पानो होती, म्हणजे हा पक्षी आपल्या बाजूलाही येऊन गेलेला. १:१२ मध्ये तो नखाएवढा होतो. पितळी तार, थोडं सोल्डर, सोनारी कानस. पंख खाली झुकलेले ठेवा.

११. ठेवायचं कुठे

काचेच्या पेटीत, उन्हापासून लांब, खिडकीशेजारी नको. पेटीच्या तळाला सिलिका जेलच्या दोन पुड्या, पावसाळ्यात दर महिन्याला बदललेल्या. पहिल्या वर्षी एखादी पट्टी थोडी उचलेलच. फडकं मध्ये ठेवून इस्त्रीचं टोक टेकवलं की बसते. माझ्या मॉडेलची डावीकडची सातवी पट्टी शेपटाजवळ दोनदा बसवली, दर जूनमध्ये परत उठते. आता ती बाजू भिंतीकडे आहे.